होम थिएटरचा मोड चुकला की आवाज वाढतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव तोंडावर आला की ध्वनिप्रदूषणावर आपल्या दैनिकात बरंच छापून येतं आणि ते यायलाच हवं. वर्षाचे बाकीचे दिवस मात्र अपार्टमेंटमधली भांडणं घरातल्या आवाजावरून होतात. वरच्या मजल्यावर रात्री साडेदहाला सिनेमा लागतो आणि खालच्या घरात मांडणीवरची भांडी वाजायला लागतात. घरोघरी अशा यंत्रणा जोडून देणं हा आमचा धंदा आहे. आम्ही खात्रीनं सांगतो, आवाज मोठा ठेवणाऱ्याला बहुतेक वेळा मोठा आवाज नकोच असतो. त्याला संवाद कळत नाहीत. म्हणून तो रिमोटचं बटण दाबत राहतो, पुढच्याच प्रसंगात स्फोट झाला की दचकून आवाज उतरवतो, आणि सिनेमा संपेपर्यंत हेच चालतं. दुखणं पुष्कळदा रिसीव्हरवर, म्हणजे स्पीकर ज्याला जोडलेले असतात त्या डब्यावर, निवडलेल्या लिसनिंग मोडमध्ये असतं. कुठला आवाज कुठल्या स्पीकरला द्यायचा ते हा मोड ठरवतो. पत्र जरा लांबलं आहे, पण विषय अर्धवट सांगण्यासारखा नाही.

यंत्रणा बसवणारा माणूस जाताना बऱ्याच घरी ‘मल्टि चॅनेल स्टिरिओ’ किंवा ‘ऑल चॅनेल स्टिरिओ’ हा मोड लावून जातो. पाचही स्पीकर एकदम वाजतात, पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं, गिऱ्हाईक खूश. या मोडमध्ये डावा आवाज डावीकडच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही स्पीकरना जातो, उजवा तसाच उजवीकडे, आणि दोन्हींची बेरीज मधल्या स्पीकरला. म्हणजे नायिकेचं एकच वाक्य पाच ठिकाणांहून येतं. आपल्याकडचा हॉल साधारण १० बाय १२ किंवा १२ बाय १५ फुटांचा, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, मागचे स्पीकर कानापासून हातभर अंतरावर. आवाजाला एक मीटर कापायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. स्पीकरची अंतरं रिसीव्हरमध्ये नीट भरलेली नसतील, तर जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो, आणि जिथून आधी आवाज आला तिथंच बोलणारा आहे असं कान ठरवून टाकतो. ओठ पडद्यावर हलतात, बोलणं मानेमागून येतं. शिवाय दोन स्पीकरपासूनच्या अंतरात नुसता १७ सेंटीमीटरचा फरक पडला तरी १००० हर्ट्झच्या आसपासच्या लाटा एकमेकींना मारतात आणि तिथून वरच्या पट्टीत असे खड्डे ओळीनं पडत जातात. स, श, च, ट यांची ओळख पटते ती याच वरच्या पट्टीत. ती विस्कटली की आवाज कितीही वाढवा, शब्द उमटत नाही.

हा मोड कामाचा नाही असं मात्र नाही. बारसं, हळदीकुंकू, वाढदिवस, माणसं हॉलभर विखुरलेली आणि गाणी नुसती मागे चालू हवीत, तेव्हा तोच बरा. कारण पाच स्पीकरमध्ये वाटला गेल्यामुळे कुठल्याही एका कोपऱ्यात आवाज फार मोठा होत नाही. सिनेमाला तो नको.

मोड निवडण्याआधी रिसीव्हरपर्यंत काय येतंय ते बघावं. रिमोटवर ‘इन्फो’ किंवा ‘डिस्प्ले’ असं बटण असतं. ते दाबलं की पडद्यावर येणाऱ्या सिग्नलचं नाव दिसतं आणि बऱ्याच रिसीव्हरवर ३/२/.१ असे आकडेही दिसतात. चॅनेल म्हणजे इथं आवाजाचा एक स्वतंत्र प्रवाह. पहिला आकडा पुढच्या चॅनेलचा, दुसरा बाजूच्या-मागच्या, शेवटचा .१ म्हणजे खास खर्जाचा वेगळा चॅनेल. ३/२/.१ म्हणजे खरं ५.१, पुढचे तीन आणि मागचे दोन मिळून पाच, आणि वर खर्जाचा एक. आणि २/०/.० दिसलं तर येतंय ते साधं स्टिरिओ, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो.

इथं निम्मी घरं अडकतात. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये ‘डिजिटल आउटपुट’ पीसीएमवर, म्हणजे टीव्हीनंच उलगडून दिलेल्या आवाजावर, ठेवलेलं असतं. त्यामुळे टीव्ही ५.१ चा आवाज आधी दोन चॅनेलमध्ये दाबून बसवतो आणि तेच रिसीव्हरला देतो. तो पर्याय ‘ऑटो’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास थ्रू’ यांपैकी जो असेल त्यावर न्यावा, म्हणजे टीव्ही आलेला सिग्नल न उलगडता तसाच पुढे देतो. टीव्हीची एआरसी (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे नेणारी सोय) लिहिलेलीच एचडीएमआय खाच रिसीव्हरच्या एचडीएमआय आउटला जोडावी आणि दोन्हीकडे सीईसी, म्हणजे एचडीएमआयवरून यंत्रांनी एकमेकांना आदेश देण्याची सोय, चालू ठेवावं. ऑप्टिकल केबल असेल तर तिच्यातून स्टिरिओ, आणि ५.१ आवाज दाबून पाठवायच्या दोन पद्धती, साधं डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस, एवढं जातं. ओटीटीवर चालणारं डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही, मग टीव्ही ते साध्या डॉल्बीत बदलून तरी देतो, नाहीतर दोन चॅनेलवर आणतो. एआरसीतून डॉल्बी डिजिटल प्लस जातं, अ‍ॅटमॉससकट, म्हणजे डोक्यावरून येणाऱ्या आवाजासकट. ब्लू-रेवरचं ट्रूएचडी, म्हणजे काहीही न गाळता साठवलेलं डॉल्बी, मात्र मूळ रूपात हवं असेल तर ईएआरसी (एआरसीची वाढीव आवृत्ती) लागतं, किंवा प्लेअर टीव्हीला न जोडता थेट रिसीव्हरला जोडावा. पेन ड्राइव्हवरच्या सिनेमात डीटीएस असेल आणि टीव्हीतून आवाजच येत नसेल, तर टीव्ही बिघडलेला नाही; पुष्कळ टीव्ही डीटीएस घेतच नाहीत.

आणखी एक ठिकाण म्हणजे भाषा. ओटीटीवर तोच सिनेमा मूळ भाषेत ५.१ असतो आणि डब केलेला ट्रॅक कधी कधी दोनच चॅनेलचा. भाषा बदलली की मागचे स्पीकर मुके होतात आणि घरचे तारा तपासत बसतात. ट्रॅक निवडताना नावापुढे ५.१ लिहिलंय का ते बघावं. डीटीएचच्या डब्यातही ऑडिओ सेटिंगमध्ये डॉल्बीचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो, आणि तो चालू केला तरी चॅनेलवाल्यानं ५.१ पाठवलं असेल तरच मिळतं.

येणारा सिग्नल खरा ५.१ किंवा त्याहून मोठा असेल तर काम सोपं आहे. त्यावर काहीही चढवू नये. ज्यानं तो सिनेमा मिक्स केला त्यानं कुठला आवाज कुठल्या स्पीकरला द्यायचा ते ठरवूनच दिलेलं आहे. यामाहावर त्यासाठी ‘स्ट्रेट’, सोनीवर ‘ए.एफ.डी.’, डेनॉनवर प्युअर बटणाखालचं ‘ऑटो’. डिस्प्लेवर ‘डॉल्बी डिजिटल’, ‘डीटीएस’ असं सिग्नलचंच नाव दिसलं की बरोबर. हॉल, स्टेडियम, जॅझ क्लब, अ‍ॅरेना असल्या नावांचे मोड मूळ आवाजात कृत्रिम घुमारा मिसळतात. आपल्या घरांत मार्बोनाइट किंवा शहाबादी फरशी, उघड्या भिंती, काचेची शोकेस. घुमारा आधीच पुरेसा आहे. त्यावर आणखी घातला की शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते. जमिनीवर सतरंजी आणि मागच्या भिंतीवर जाड पडदा यांनी जो फरक पडतो तो असल्या कुठल्याही मोडनं पडत नाही.

दोन चॅनेलचा आवाज आला की खरी निवड सुरू होते, आणि आपल्याकडे बहुतेक वेळ हेच येतं. मराठी मालिका, बातम्या, यूट्यूब, जुने सिनेमे, स्थानिक सामने, सगळं बहुधा दोन चॅनेलचं. त्यासाठी डिकोडर मोड आहेत. जुन्या रिसीव्हरवर ‘प्रो लॉजिक टू’ आणि ‘निओ सिक्स’, २०१४ नंतरच्या अ‍ॅटमॉसवाल्या रिसीव्हरवर ‘डॉल्बी सराउंड’ आणि ‘न्यूरल एक्स’. यांचं काम समजून घेतलं की निवड आपोआप कळते. डिकोडर डावा आणि उजवा चॅनेल सतत ताडून पाहतो. जे दोन्हीकडे अगदी सारखं आहे ते मधल्या स्पीकरला देतो. जे दोन्हीकडे उलट्या फेजमध्ये, म्हणजे एकीकडची लाट वर असताना दुसरीकडची खाली, किंवा एकमेकांशी न जुळणारं आहे ते मागे देतो. बोलणारा माणूस जवळजवळ नेहमी दोन्हीकडे सारखा असतो, टाळ्या, पाऊस, गर्दी, घुमारा हे वेगवेगळे. म्हणून संवाद पडद्यापाशी राहतो आणि वातावरण भोवती पसरतं.

फुटबॉल बघताना याचा फायदा लगेच कळतो. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर उभं राहून सामने बघणाऱ्यांना गर्दीचा आवाज कसा भोवती असतो ते सांगायला नको. डॉल्बी सराउंड किंवा प्रो लॉजिक टूचा मूव्ही मोड लावला की समालोचक मधल्या स्पीकरमध्ये एकटा उरतो आणि प्रेक्षक बाजूला जातात. मग रिसीव्हरच्या चॅनेल लेव्हलमध्ये जाऊन सेंटर २–३ डेसिबल वर घ्यावा, मागचे २ डेसिबल खाली. समालोचन स्पष्ट, एकूण आवाज कमी. ऑल चॅनेल स्टिरिओत हे करताच येत नाही, कारण तिथं समालोचक सगळ्याच स्पीकरमध्ये मिसळलेला असतो.

जुन्या मराठी चित्रपटांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण कोल्हापूरचं त्यांच्याशी नातं आहे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली इथं उभी राहिली आणि १९३२ सालचा पहिला मराठी बोलपट तिनं काढला तेव्हा ती कोल्हापुरातच होती. त्या काळचे आणि पुढच्या कित्येक दशकांचे बहुतेक मराठी चित्रपट एका चॅनेलचे, म्हणजे मोनो. यूट्यूबवर किंवा डीव्हीडीवर तोच एक आवाज डाव्या-उजव्यात सारखाच भरलेला असतो. डिकोडर मोड लावला तर तो सगळा मधल्या स्पीकरमधून येतो आणि बाकीचे चार गप्प बसतात. लोकांना वाटतं काहीतरी बिघडलं. काही बिघडलेलं नाही. चित्रपटगृहात पडद्यामागून आवाज यायचा तसाच हा येतोय, आणि हेच योग्य आहे. सेंटर स्पीकर फारच लहान असेल तर ‘स्टिरिओ’ लावावा, म्हणजे पुढचे दोन मोठे स्पीकर मिळून आवाज मध्येच उभा करतील.

यात एक बारीक दोष कान देऊन ऐकला तर सापडतो. जुन्या टेपवरून उतरवून घेताना टेप वाचणारं हेड किंचित तिरकं असलं की डावा आणि उजवा यांत अगदी सूक्ष्म कालांतर राहतं. खालच्या स्वरांना ते जाणवत नाही, वरच्या स्वरांत मात्र दोन्ही बाजू जुळेनाशा होतात. मग डिकोडर गोंधळतो. गायिकेचा आवाज पुढून येतो आणि तिच्या ‘सजणा’तला ‘स’ मागच्या स्पीकरमधून सुसकारा टाकतो, टेपची खरखरही मागे जाऊन बसते. असं झालं तर डिकोडर काढून टाकावा आणि ‘मोनो’ मोड असेल तर तो, नाहीतर ‘स्टिरिओ’ लावावा.

याच तत्त्वावर आणखी एक बिघाड ओळखता येतो. मोबाइल किंवा कॉम्प्युटर ३.५ मिमीच्या पिननं जोडलेला असताना गाण्यातला गायक गायब होऊन नुसती वाद्यं आणि घुमारा उरला, आणि सगळा आवाज मागे गेला, तर मोड बदलत बसू नये. पिन पूर्ण आत गेलेली नसते किंवा तिची अर्थिंगची तार आतून तुटलेली असते. मग दोन चॅनेलची वजाबाकी रिसीव्हरला पोचते आणि दोन्हीकडे सारखा असलेला गायक वजा होतो. केबल बदलावी.

गाणं ऐकायला आमचा कौल ‘स्टिरिओ’ला आहे. इथल्या देवल क्लबात गाण्याची बैठक ऐकलेल्यांना माहीत आहे, गवई समोर असतो, तंबोरे त्याच्या मागे, श्रोते भोवती. ख्याल ऐकताना तबला पाठीमागून यायचं काही कारण नाही. ‘डायरेक्ट’ आणि ‘प्युअर डायरेक्ट’ हे त्याहून शुद्ध म्हणून सांगितले जातात, पण त्यांत टोन कंट्रोल आणि बऱ्याच रिसीव्हरवर माइकनं केलेली खोलीची दुरुस्तीही बंद होते, काहींत सबवूफर, म्हणजे खर्जाचा वेगळा स्पीकर, सुद्धा गप्प होतो. मोठे, चांगले पुढचे स्पीकर असतील तर ठीक. लहान सॅटेलाइट स्पीकरवर प्युअर डायरेक्ट लावला की गाणं पोकळ होतं. सगळ्या स्पीकरवर गाणं हवंच असेल तर प्रो लॉजिक टूचा म्युझिक मोड घ्यावा आणि त्यातली ‘सेंटर विड्थ’ वाढवावी. ती ० ते ७ असते. ० म्हणजे गायक पूर्ण मधल्या स्पीकरमध्ये, ७ म्हणजे पूर्ण डाव्या-उजव्यात. डॉल्बी सराउंडमध्ये यासाठी ‘सेंटर स्प्रेड’ चालू करतात. सिनेमाला मात्र तो बंदच ठेवावा, नाहीतर संवाद पुन्हा पसरतो.

कुठलाही मोड शेवटी खालच्या सेटिंगवर उभा असतो. सेंटर स्पीकरची तार निसटली असेल आणि सेटअपमध्ये सेंटर ‘आहे’ असं असेल, तर ५.१ सिनेमात संवाद जवळजवळ नाहीसे होतात आणि स्टिरिओ मोडमध्ये सगळं ठीक वाटतं. दोष मोडवर ढकलण्याआधी टेस्ट टोन लावून एकेक स्पीकर ऐकावा. सेंटर स्पीकर नसेलच तर सेटअपमध्ये ‘नन’ करावा, रिसीव्हर संवाद डाव्या-उजव्यात वाटून देतो. लहान स्पीकर ‘स्मॉल’ आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचा खर्ज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झ, फार छोटे असतील तर १०० किंवा १२०. पुढचे ‘लार्ज’ ठेवले तर दोन चॅनेलच्या गाण्यात सबवूफर वाजत नाही, कारण त्यात .१ चॅनेलच नसतो. सबवूफरवरचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर किंवा एलएफईवर (.१ चॅनेलचं इंग्रजी नाव) ठेवावं, म्हणजे एकच काम दोनदा होत नाही. मागचे स्पीकर बैठकीच्या थेट पाठीमागे नकोत, ऐकणाऱ्याच्या बाजूला किंचित मागे, समोरच्या रेषेपासून ११० अंशांच्या आसपास, कानापेक्षा फूट-दोन फूट वर.

रिसीव्हरसोबत मोजमापाचा माइक आला असेल तर तो खोक्यात ठेवू नये. पंखा बंद, कुकर बंद, खिडक्या बंद, माइक बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर स्टँडवर. सोफ्याच्या पाठीवर ठेवला तर मोजमाप सोफ्याच्या कापडाचं होतं. झाल्यावर अंतरं डोळ्यांखालून घालावीत. सबवूफरचं अंतर टेपनं मोजल्यापेक्षा जास्त दाखवलं तर तसंच राहू द्यावं, त्याच्या आतल्या सर्किटचा उशीर त्यात धरलेला असतो.

आता रात्रीचं. सिनेमाचं मिक्सिंग होतं तेव्हा एका चॅनेलचा सर्वोच्च आवाज १०५ डेसिबलपर्यंत आणि खर्जाच्या चॅनेलचा ११५ पर्यंत जाईल अशी जागा ठेवलेली असते. घरी आपण त्याच्या कितीतरी खाली ऐकतो, त्यामुळे हळू संवाद पंख्याच्या आवाजात बुडतो. उपाय मास्टर व्हॉल्यूम नव्हे. डॉल्बीच्या सिग्नलवर ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन’ चालू करावं, मोठा आवाज दबतो आणि लहान वर येतो. पीसीएमवर काही रिसीव्हरमध्ये ते चालत नाही, म्हणूनही टीव्ही बिटस्ट्रीमवर हवा. सेंटर ३ डेसिबल वर, सबवूफर ५–६ डेसिबल खाली. शेजाऱ्याला त्रास होतो तो संवादाचा नाही, खर्जाचा. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर असते, स्लॅब आणि विटांची भिंत तिला फारशी अडवत नाही. सबवूफर शेजाऱ्याच्या भिंतीपासून दूर आणि जाड रबरावर ठेवावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, आणि निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसाची ५५.

शाहूपुरी-राजारामपुरीतल्या आणि एकूणच शहरातल्या विक्रेत्यांना, जोडणी करणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंना विनंती आहे. बहुतेक रिसीव्हर प्रत्येक इनपुटसाठी शेवटचा मोड लक्षात ठेवतात. तेव्हा निघण्याआधी टीव्ही, डीटीएच, प्लेअर, ब्लूटूथ असं एकेक इनपुट लावून योग्य मोड निवडून ठेवा आणि कुठल्या इनपुटला कुठला मोड ते मराठीत एका कागदावर लिहून गिऱ्हाइकाच्या हातात द्या. पंधरा मिनिटांचं काम आहे. सगळे स्पीकर वाजताहेत एवढंच दाखवून निघून येणं हे अर्धं काम झालं, आणि उरलेल्या अर्ध्याचा त्रास खालच्या मजल्यावरचा माणूस भोगतो.

घेणाऱ्यांनी दुकानात फक्त स्फोटांचा आणि विमानांचा डेमो ऐकून पैसे मोजू नयेत. ‘५.१’ छापलेल्या पण मागे नुसत्या ऑक्सच्या खाचा असलेल्या संचात डिकोडर नसतो. एचडीएमआय किंवा ऑप्टिकल खाच आहे का ते आधी बघावं. मग ओटीटीवरचा ५.१ ट्रॅक असलेला एखादा मराठी किंवा हिंदी सिनेमा लावायला सांगावा, दोन माणसं हळू बोलताहेत असा प्रसंग काढावा, इन्फो दाबून ३/२/.१ दिसतंय याची खात्री करावी आणि व्हॉल्यूमला हात न लावता एकदा स्ट्रेट, एकदा ऑल चॅनेल स्टिरिओ असं आलटून पालटून ऐकावं.

आपले,
घरगुती ध्वनियंत्रणा जोडणारे दोन तंत्रज्ञ,
शाहूपुरी, कोल्हापूर